जिजी गप्प बसली, त्या हंगामाचा भाव

करंजदऱ्यात न पाहिलेल्या गोष्टी छातीठोकपणे सांगणारे दोघे होते. एक चांगुणा मेधने, जिला कादवेच्या काठचं अख्खं खोरं जिजी म्हणतं, आणि दुसरा भावदर्शी. जिजीवर कुणी कधी विश्वास ठेवला नाही आणि भावदर्शीवर कुणी कधी शंका घेतली नाही. दोघांत फरक म्हणावा तर एवढाच, की जिजी ओट्यावर बसून सांगायची आणि भावदर्शी फोनमधून.

जिजीच्या थापा साध्यासुध्या नसत. एका वर्षी तिच्या पिकलेल्या शिराझवर, म्हणजे वाइनच्या काळ्या द्राक्षांवर, मधमाश्यांनी ताव मारला आणि त्यांना अशी चढली, की त्यांनी सहा कोनांची घरं सोडून गोल घरं बांधली. त्या पोळ्यातला मध पोळीवर वाढला की सरळ न पसरता लटपटत कडेला जायचा. दुसऱ्या एका वर्षी नारळाएवढी गार पडली, ती जिजीने अंगणात फोडली, तर आत बेडूक गोधडी पांघरून झोपलेला. ऐकणारे पोट धरून हसत, चहा पीत आणि उठताना म्हणत, जिजी, तुझं काही खरं नाही. जिजीला यातच मानसन्मान वाटायचा.

भावदर्शी हे यंत्र, त्याचं मात्र सगळंच खरं. दर दिवाळीनंतर, बागांमध्ये घड लोंबू लागले की खोऱ्यातले सगळे फोन एकदम वाजायचे आणि येणाऱ्या हंगामाचा वाइनच्या द्राक्षांचा भाव पडद्यावर उमटायचा, पुढच्या दोन हंगामांच्या भावासकट. तो भाव जसाच्या तसा निघायचा, रुपयाचाही फरक नाही. त्या अंदाजावर लोक वेली लावत, वेली तोडत, पोरांची लग्नं ठरवत आणि मोडत. देवाला कौल लावणारेसुद्धा आधी फोन बघून मग कौल लावायला जाऊ लागले होते.

त्या वर्षी फोन वाजले ते दुपारी. शिराझ निम्म्यावर. पुढच्या हंगामातही निम्म्यावर, त्यापुढेही तेच.

जिजीचा मुलगा विक्रांत बागेतून आला तो मान खाली घालून. शांत स्वभावाचा, आकडेमोडीत पक्का. त्याचं सगळं ठरूनच गेलं होतं. माळावरच्या शिराझवर या वर्षी लागलेत ते सगळेच्या सगळे घड ठेवायचे, वजन जितकं निघेल तितकं काढायचं, आणि काढणी झाली की वेली गुडघ्याएवढ्या ठेवून करवतीने कापायच्या. त्याच बुंध्यांवर खायच्या द्राक्षाची कलमं बांधायची. नवी करवत त्याने मागवूनही टाकली होती.

माळावरची शिराझ म्हणजे जिजीचा जीव. मागच्या मंदीत खोऱ्यातल्या सगळ्यांनी वेली उपटल्या, तेव्हा हिने तेवढ्याच ठेवल्या होत्या. लोकांनी वेड्यात काढलं होतं. त्या वेलींचे बुंधे आता मांडीएवढे जाड होते, मुळं मुरमाखाली कुठवर गेलीत ते कुणालाच ठाऊक नव्हतं. जिजीच्या म्हणण्याप्रमाणे ती थेट नाशकातल्या एका विहिरीत निघाली होती आणि तिथलं पाणी तेव्हापासून गुलाबी लागतं.

"आई, यंत्र आजवर एकदाही चुकलेलं नाही," विक्रांत म्हणाला.

 जिजीला कुणी काय करायचं ते सांगितलेलं लहानपणापासून आवडत नसे.

शनिवारी सून आली. शर्वरी नाशकात भावदर्शीच्याच कंपनीत गणिताचं काम करायची. यंत्राच्या पोटात काय चालतं हे कळणाऱ्या मोजक्या माणसांतली एक. एरवी आल्या आल्या स्वयंपाकघरात शिरून डबे उघडणारी पोरगी त्या दिवशी सरळ माळावर गेली आणि बांधावर बसली. जिजी मागोमाग गेली. तिथे शर्वरी बोलायला लागली, आणि जिजीला कळावं म्हणून तिने जे सांगितलं ते असं.

द्राक्षाच्या भावाचं एक चक्र असतं. भाव चढला की सगळे वेली लावतात. वेल फळाला यायला तीन वर्षं घेते, मग सगळ्यांच्याच वेली एकदम फळाला येतात, वाइनरीच्या टाक्या भरून वाहतात आणि भाव कोसळतो. मग सगळे करवती काढतात. टाक्या रिकाम्या होतात, भाव पुन्हा चढतो. हे चक्र आधीच ओळखून दाखवायचा प्रयत्न अनेकांनी केला आणि सगळे तोंडावर आपटले. कारण पाऊस काही हवामान खात्याचं ऐकत नाही; भाव मात्र ऐकतो. उद्या महाग होणार म्हटलं की लोक वागणं बदलतात आणि लोकांचं वागणं बदललं की अंदाज बिघडतो.

भावदर्शीने हे कोडं सोडवलं. तो स्वतःचा आवाजही हिशोबात धरतो. मी अमुक भाव जाहीर केला तर हे खोरं काय करील, त्या करण्याने खरा भाव किती होईल, असं तो लाखो वेळा करून बघतो. सांगितलेला भाव आणि होणारा भाव जिथे जुळतील, तिथे थांबतो. म्हणजे तो नुसता खरा भाव सांगत नाही. सांगून झाल्यावरही खरा राहील असा भाव सांगतो.

"मग यात रडण्यासारखं काय आहे?" जिजीने विचारलं, कारण सुनेचे डोळे भरलेले तिला दिसत होते.

"या वर्षी उत्तरं दोन आली, आई."

एक उत्तर निम्म्या भावाचं. निम्मा भाव ऐकला की लोक हात आखडतात, वजनासाठी सगळे घड ठेवतात, वेलीवर ओझं होतं, रस पाणचट उतरतो, वाइन सुमार होते आणि भाव खरोखर निम्म्यावर येतो. दुसरं उत्तर दुपटीच्या जवळ. चढा भाव ऐकला की लोक मन लावून विरळणी करतात, निम्मे घड हिरवे असतानाच तोडून टाकतात, उरलेल्यांत वेलीची सगळी ताकद उतरते. रस काळाभोर होतो, बाहेरून मागणी येते आणि भाव खरोखर चढतो. दोन्ही उत्तरं सारखीच बरोबर. जे जाहीर होईल ते खरं होणार.

"आणि कुठलं जाहीर करायचं हे यंत्राने ठरवलं?"

शर्वरीने नकारार्थी मान हलवली. ते एका बैठकीत ठरलं होतं. यंत्राची मोठी वर्गणी द्राक्षं विकत घेणारे भरत होते, विकणारे नव्हे. शर्वरीने बोलून बघितलं, तेव्हा तिला शांतपणे सांगण्यात आलं की आपण खोटं कुठे बोलतोय, निम्मा भाव खराच होणार आहे.

जिजीने शिराझच्या एका पानावरची धूळ पदराने पुसली. मग तिला हसू यायला लागलं.

"म्हणजे तो माझ्यासारखाच थापाड्या आहे की. त्याच्या थापा नंतर खऱ्या होतात, एवढंच."

शर्वरी म्हणाली, हे बाहेर गेलं तर माझी नोकरी जाईल. जिजीने विचारलं, मग मला कशाला सांगितलंस गं? सुनेने अगदी प्रामाणिक उत्तर दिलं.

"कुणाला तरी सांगितल्यावाचून राहवत नव्हतं. आणि तुम्ही कुणाला सांगितलं तरी कोण विश्वास ठेवणार?"

हे जिजीला लागलं. आयुष्यभर मिरवलेला दागिना कुणी पितळेचा म्हणावं तसं झालं. खात्री करून घ्यायला म्हणून ती दोन दिवसांनी नदीवरच्या एका दशक्रियेला गेली. कादवेच्या काठी दशक्रिया म्हणजे अर्धा विधी आणि अर्धी बाजार समिती. पिंडाला कावळा शिवेपर्यंत छाटणीपासून निर्यातीपर्यंत सगळं बोलून होतं. तिथे जिजीने शर्वरीचं नाव न घेता, एक शब्दही न वाढवता, दोन उत्तरांची हकिगत सांगितली. आयुष्यात पहिल्यांदा निखळ खरं सांगितलं.

लोक हसून हसून बेजार झाले. कुणी विचारलं, यंत्राला तोंडंही दोन होती का? सगळ्यांत मोठ्याने हसला तो सुदाम ढिकले, कंपनीचा खोऱ्यातला प्रतिनिधी. तो म्हणाला, "जिजी, तुमचा बेडूक बरा होता. गोधडीवाला."

घरी परतताना जिजी लोकांच्या बांधांकडे बघत चालली होती, आणि तिथेच तिला ते सुचलं.

करंजदऱ्याची एक रीत आहे. इथे कुणी कुणाला खरं सांगत नाही आणि सांगितलेलं कुणी खरं मानत नाही. शेजाऱ्याला विचारलं, काय फवारलंस, तर तो म्हणणार, काही नाही, नुसतं पाणी. मग विचारणारा गप्पा मारत मारत त्याच्या बांधाकडे वळणार आणि तिथे टाकलेल्या रिकाम्या बाटल्यांवरचं नाव वाचून घेणार. शहाणे लोक बाटल्या पुरतात. त्याहून शहाणे पुरलेल्या उकरतात. या खोऱ्यात बोललेल्या गोष्टीला किंमत नाही. लपवलेल्या गोष्टीला आहे.

त्या संध्याकाळी ओट्यावर मंडळी जमली आणि चहाबरोबर थाप येईना. कुणीतरी मधमाश्यांचा विषय काढून दिला. जिजी म्हणाली, मधमाश्या काय, मधमाश्याच असतात. मंडळी एकमेकांकडे बघू लागली.

मण्यांत पाणी उतरायला लागलं, हिरवे मणी जांभळे व्हायला लागले, तशी जिजीने सुरगाण्याकडची विरळणीची टोळी बोलावली. टोळीची मुकादम जनीबाई. विक्रांतला कळलं तेव्हा कात्र्या चालू झाल्या होत्या. तो धावत माळावर आला. सऱ्यांमध्ये घडांचा खच पडला होता. निम्म्या भावाच्या वर्षी निम्मा माल जमिनीवर. त्याने जागच्या जागी हिशोब केला आणि हातात चौथाई उरते हे आईला सांगितलं. दरवर्षी तूच म्हणतेस की वेल पोरासारखी असते, मग हे काय चाललंय, असंही म्हणाला. तो असा आवाज चढवून कधी बोलला नव्हता.

"तुकडा माझ्या नावावर आहे," जिजी म्हणाली. "भाव निम्मा निघाला तर करवत मी माझ्या हाताने तुला देईन. पहिली वेल मीच कापेन. पण कुणीतरी फोनवर सांगितलं म्हणून मी माझ्या वेलींना आधीच मेलेलं समजणार नाही."

विक्रांतने तिच्या तोंडाकडे पाहिलं. थापा मारताना तिची डावी भुवई उडायची. ती जागची हलली नव्हती. तो आल्या वाटेने निघून गेला.

मग जिजीने जे करून ठेवलं, त्याला तोड नाही. तिने रस्त्याच्या बाजूने हिरवी जाळी बांधली. तोडलेले घड पाट्या भरभरून मागच्या चरात टाकले आणि वर पाला, पाल्यावर माती. शेवटी जनीबाईला बाजूला घेऊन, इकडे तिकडे बघून, हळूच सांगितलं, की इथे काय केलं ते कुणाला बोलायचं नाही. जनीबाईने गळ्याची शपथ घेतली. टोळी दुसऱ्या दिवशी शेजारच्या बागेत कामाला गेली, तिसऱ्या दिवशी त्याच्या पलीकडच्या.

आठवडाभरात जिजीकडे येणाऱ्यांची रीघ लागली. कुणाला फवारणीचं यंत्र हवं होतं, कुणाला तब्येत विचारायची होती, एकाला तर आठवेचना आपण कशाला आलो. सगळ्यांचे डोळे जाळीकडे. जिजी प्रत्येकाला सांगायची, काही नाही बाबा, जरा कंबर धरलीय. लोक परत जाताना मागच्या वाटेने जात. चरावरची माती रोज थोडी उकरलेली दिसायची आणि जिजी रोज ती नीट लोटून ठेवायची.

आता लोकांनी दोन गोष्टी जोडल्या. जिजी गप्प आहे. जिजीची सून यंत्राच्या पोटात काम करते. म्हणजे सुनेने सासूला काहीतरी सांगितलंय, आणि सासूला ते इतकं मोलाचं वाटतंय की तिने तोंडाला कुलूप लावलंय. थापाड्या बाईने दडवलेलं म्हणजे सोन्याहून पिवळं. नदीवर तिने तेच सगळं सगळ्यांसमोर सांगितलं होतं, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. ती थाप होती, ती हसून संपली होती.

बघता बघता खोऱ्यातल्या बागांना हिरव्या जाळ्या लागल्या. विरळणीच्या टोळ्या मिळेनाशा झाल्या; सुरगाणा संपला, पेठ तालुक्यातून बाया आल्या. भाऊ भावापासून लपवून चर खणत होता. प्रत्येकाला वाटत होतं की जिजीनंतर हे फक्त आपल्याला कळलंय. भावदर्शीचे उपग्रह वरून बघत होते, पण उपग्रहाला पान दिसतं, पानाखालचा घड दिसत नाही. आणि जमिनीवरचे सगळे सांगत होते, काही नाही, नुसतं पाणी.

काढणीच्या तोंडावर कंपनीने नेहमीप्रमाणे बागाबागांतून घडांना बटणं चिकटवली. मण्यातली साखर आणि रंग त्यातून आपोआप नाशकाला कळत. पहिल्याच सकाळी यंत्राने खूण केली. रंग गडद, साखर चढती, अपेक्षेबाहेर, तेही एका बागेत नव्हे, खोरंभर. सुदाम ढिकलेला फोन गेला. त्याने कळवलं, की इथे सगळं सुरळीत आहे. मग कंपनीने गावची माहितगार म्हणून शर्वरीलाच पाहणीला धाडलं.

ती माळावर आली तेव्हा जिजी बांधावर बसून एक घड खात होती. शर्वरीने चर पाहिला, जाळी पाहिली, वाटेतल्या सगळ्या जाळ्या तर तिने पाहिल्याच होत्या. तिचा चेहरा उतरला. तुम्ही सांगितलंत, आई, असं ती म्हणाली.

"नदीवर सगळ्यांना सांगितलं. तू म्हणालीस तसंच झालं, हसले," जिजी म्हणाली. "नंतर मात्र शब्द काढला नाही. आजवरची माझी सगळ्यांत मोठी थाप आहे गं ही, आणि तिच्यात एक अक्षर नाही."

शर्वरी तिच्या शेजारी टेकली. आता मी काय कळवू, हे ती स्वतःलाच विचारत होती. बटणं बिघडलीत म्हणून कळवलं तर ती काढली जातील, निम्मा भाव तसाच ठेवून खरेदी उरकली जाईल, तिची नोकरीही शाबूत राहील. जिजीने तिला घडाचा अर्धा भाग तोडून दिला आणि म्हणाली, की तू खरं तेच कळव. मला खऱ्याचा अनुभव नाही, पण या वेळी तेच जास्त खोडसाळ दिसतंय.

शर्वरीने दोन मणी तोंडात टाकले. बोटं जांभळी झाली. मग तिथेच बांधावर बसून तिने कंपनीला कळवलं, की खोऱ्यात विरळणी झाली आहे, जवळजवळ सगळ्यांनी केली आहे, आणि यंत्राने ती हिशोबात धरावी.

यंत्राने धरली. यंत्राला वर्गणी कळत नाही, गणित कळतं. सांगूनही खरा राहील असा भाव ते पुन्हा शोधायला बसलं आणि या वेळी उत्तर एकच आलं. निम्म्याचं उत्तर शिल्लकच नव्हतं. घडांबरोबर तेही चरात पुरलं गेलं होतं. बैठक बसली. निम्मा भाव तसाच रेटावा, तर काळाभोर रस बघून बाहेरचे खरेदीदार जास्त देऊन जाणार आणि भावदर्शी पहिल्यांदा जगासमोर चुकणार. जे यंत्र कधी चुकत नाही म्हणून विकलं जातं, ते एकदा चुकलं की त्याला भंगारातही कुणी विचारणार नाही. कधी नव्हे ते हंगामाच्या मधेच फोन वाजले. भाव दुपटीच्या जवळ.

विक्रांत फोन हातात घेऊन माळावर आला. त्याने आईकडे बघितलं, मग बायकोकडे. मग म्हणाला, करवत परत घेतील का ते बघायला पाहिजे.

शर्वरीची नोकरी राहिली. खरं कळवणाऱ्याला काढायचं कारण कागदावर मांडता येईना. कंपनीने चौकशी मात्र कसून केली आणि निष्कर्ष काढला, की यंत्राच्या हिशोबात खोऱ्यातला एक महत्त्वाचा घटक राहून गेला होता. म्हणून पुढच्या पावसाळ्यात सुदाम ढिकले स्वतः येऊन जिजीच्या ओट्याच्या खांबाला एक डबी बसवून गेला. जिजी बोलते किती, गप्प राहते किती, हे ती डबी ऐकून नाशकाला कळवणार होती. सुदामने नम्रपणे विचारलं, की जिजी, चालेल ना?

जिजीची डावी भुवई उडाली. चालेल म्हणाली.

त्या संध्याकाळपासून तिने डबीला सांगायला सुरुवात केली. मधमाश्यांपासून धरलं. मग बेडूक, मग गुलाबी विहीर. मग म्हणाली, यंदा मी सगळी शिराझ काढून तिथे नारळ लावणार आहे. दुसऱ्या दिवशी म्हणाली, नारळ काढून पुन्हा शिराझ. मधेच चार दिवस तोंड उघडलं नाही आणि पाचव्या दिवशी भल्या सकाळी डबीजवळ तोंड नेऊन म्हणाली, जाळी कुठे मिळते रे स्वस्त?

शर्वरी शनिवारी येऊन सांगायची, की यंत्राला आता एक नाही, दोन नाही, ढीगभर उत्तरं येतायत आणि सगळी सारखीच बरोबर आहेत. बैठकीतले लोक एकमेकांशी भांडतायत. डबी काढावी, तर जिजी काय करतेय ते कळणार नाही. ठेवावी, तर कळून काही उपयोग नाही.

दिवाळी सरली. ठरल्या दुपारी खोऱ्यातले फोन वाजले आणि पडद्यावर ओळ उमटली, की यंदा अंदाज नाही.

करंजदऱ्यात अशी शांतता कुणी ऐकली नव्हती. लोक घराबाहेर आले. कुणी फोन झटकून पाहिला. मग हळूहळू, बऱ्याच वर्षांनी कुणी काही सांगितल्याशिवाय, एकेक जण आपापल्या बागेकडे वेली बघायला निघाला. विक्रांत ओट्यापाशी उभा राहिला. त्याचा चेहरा घाबरलेला होता, पण त्यात थोडी गंमतही होती, आईकडून आलेली.

"आई, आता काय करायचं आपण?"

जिजी उठली. पदर खोचला, खांबावरच्या डबीकडे एकदा नीट बघून घेतलं आणि डबीला स्वच्छ ऐकू जाईल एवढ्या आवाजात कुजबुजली.

"चल माळावर, सांगते. पण कुणाला बोलायचं नाही."